नीतिमत्त्व हे देवाचं दान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी पवित्र शास्त्राचा वर्ग भरतो. तो घेण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी पाळक नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. पण प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेलं रोमकरांस पत्र उघडलं की दर वेळी तेच प्रश्न पुढे येतात, आणि विचारणारे सगळे नवखे नसतात. चाळीस-चाळीस वर्षं उपासनेला येणारी माणसंही दाराशी थांबून हळूच विचारतात. त्या सगळ्यांना जे सांगत आलो ते इथे लिहिलं आहे. प्रश्न जसे कानावर आले तसेच ठेवले आहेत.

नीतिमत्त्व म्हणजे चांगुलपणाच ना?

चांगुलपणा त्यात येतो, पण शब्द त्याहून मोठा आहे. मराठीत 'नीती' म्हटलं की शाळेतला सुविचारांचा फळा आठवतो. जुन्या करारातला इब्री शब्द मुळात नात्याचा आणि न्यायसभेचा आहे.

उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायातली तामार आठवा. यहूदाने विधवा सुनेला शब्द दिला होता की धाकटा मुलगा मोठा झाला की तुझं त्याच्याशी लग्न लावून देईन. तो शब्द त्याने पाळला नाही. तिने वेश बदलून खुद्द सासऱ्यापासूनच गर्भ धारण केला. तिला जाळायला बाहेर काढलं तेव्हा तिने त्याची मुद्रा, गोफ आणि काठी त्याच्यापुढे पाठवली. ती ओळखून यहूदा म्हणाला, ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. तामारेने केलं ते आदर्श होतं असं कोणी म्हणणार नाही. पण नात्याचं देणं थकवलं होतं यहूदाने, आणि त्या वादात न्याय तिच्या बाजूला होता.

जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाधीशांना आज्ञा आहे की नीतिमानाला नीतिमान ठरवा आणि दुष्टाला दोषी ठरवा. यातलं 'ठरवणं' हे क्रियापद धरून ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं. न्यायाधीश निकाल देतो तेव्हा समोरच्याचा स्वभाव तिथल्या तिथे पालटत नाही. त्याची जागा ठरते, तो मोकळा होऊन घरी जातो.

मग ते दान कसं? नीतिमत्त्व तर माणसाच्या वागण्यातून दिसतं.

पौल याचं उत्तर इस्राएली लोकांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापासून देतो. उत्पत्ती १५:६ सांगतं की अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तेच त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. 'गणलं' यासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द हिशेबातला आहे: खात्यावर धरणं, जमा करणं. रोमकरांस पत्राच्या एका चौथ्या अध्यायात तो शब्द ११ वेळा येतो. माझ्यासारख्या कारकुनाने हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवली होती.

त्याच अध्यायात पौल म्हणतो की जो काम करतो त्याला मिळणारी मजुरी ही मेहेरबानी नसते, ते देणं असतं. एक तारखेला पगार झाला म्हणून कोणी मालकाच्या पाया पडत नाही. महिनाभर राबलेलो असतो. पण काम न करता, अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्या देवावर जो विश्वास टाकतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. पौलाने 'अधर्म्याला' असंच लिहिलं आहे, 'सुधारलेल्याला' असं लिहिलेलं नाही.

पुढचा मुद्दा तारखांचा आहे आणि मला तो फार आवडतो. अब्राहामाची सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता. त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा ८६ वर्षांचा. आणि नीतिमत्त्व गणल्याचं वाक्य इश्माएलाच्याही आधी येतं. म्हणजे विधी पार पडण्याच्या किमान तेरा वर्षं आधी जमा झालेली होती. विधी ही नंतर मिळालेली पावती. म्हणूनच पौल म्हणतो की अब्राहाम सुंता झालेल्यांचा जसा बाप आहे, तसाच न झालेल्यांचाही.

एकदा आमच्याकडे एक वयस्कर शेतकरी थकलेल्या कर्जाला मुदत मागायला आले होते. टोपी हातात, नजर खाली, बोलण्याची तयारी करून आलेले. मी खतावणी काढली आणि त्यांच्याकडे फिरवली. बाकी शून्य होती. सकाळीच त्यांच्या भावाने येऊन सगळे पैसे भरले होते आणि यांना सांगितलंच नव्हतं. ते त्या ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचत राहिले. मग म्हणाले, "पण मी तर काहीच भरलं नाही." मी म्हटलं, "खातं तुमचंच आहे ना? मग जमा तुमच्याच नावावर."

ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगतो. पैसे भरून भाऊ निघून गेला होता. ख्रिस्त निघून जात नाही. पौल पुन्हा पुन्हा 'ख्रिस्तामध्ये' असं लिहितो. विश्वास ठेवणारा त्याच्याशी जोडला जातो, आणि जे ख्रिस्ताचं ते त्याचं होतं.

मी कधी कुणाचं वाईट केलं नाही. मला याची काय गरज?

लूक १८ मधला मंदिरात प्रार्थना करणारा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, तोही खोटं बोलत नव्हता. तो आठवड्यातून दोनदा उपास करत होता, उत्पन्नाचा दशांश देत होता. मागे उभा असलेला जकातदार मात्र खरोखरच लोकांना लुबाडणाऱ्या धंद्यातला होता. येशूने सांगितलं की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. तिथे क्रियापद तेच आहे, जे पौल वापरतो. परूशाने प्रार्थनेत काही मागितलंच नव्हतं. नीट वाचून बघा, त्याच्या प्रार्थनेत एकही मागणं नाही.

देव न्यायी असेल तर तो अपराध्याला निर्दोष कसा ठरवतो? हा अन्याय नाही का?

सगळ्यांत चांगला प्रश्न हा आहे, आणि तो शास्त्रातूनच उठतो. नीतिसूत्रे १७:१५ म्हणतं की दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. मग रोमकरांस ४:५ मध्ये तोच देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो! लाच खाऊन सोडून देणाऱ्या न्यायाधीशात आणि त्याच्यात फरक काय?

पौलाला ही अडचण ठाऊक आहे. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो की देवाने ख्रिस्ताला त्याच्या रक्ताने होणारं प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं, ते यासाठी की देव स्वतः न्यायी असावा आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावा. पाप नजरेआड केलं गेलं नाही, त्याची किंमत भरली गेली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला देवाने आपल्यासाठी पाप असं केलं, आपण त्याच्यामध्ये देवाचं नीतिमत्त्व व्हावं म्हणून.

यावर कोणी म्हणतं, एकाची शिक्षा दुसऱ्याला देणं हा आणखी एक अन्याय झाला. रस्त्यावरच्या कुणा तिऱ्हाइताला पकडून त्याच्यावर ओझं टाकलं असतं तर हे खरं होतं. पण त्याच अध्यायात दोन ओळी आधी लिहिलं आहे की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. ज्याचं देणं थकलं होतं त्यानेच ते सोसलं. कर्ज बुडीत लिहून काढतात तेव्हाही तोटा कुठेतरी लिहावाच लागतो, आपोआप काहीच मिटत नाही. वधस्तंभावर देवाने तो स्वतःच्या नावे लिहून घेतला. मी हे सांगताना आजही माझा आवाज जागेवर राहत नाही.

हे सगळं लूथरने सोळाव्या शतकात काढलं ना?

मार्टिन लूथर म्हणजे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन संन्यासी. त्याच्या आधी हजार वर्षांहून जास्त काळ हा वाद चालू होता. पेलागियस नावाचा ब्रिटनमधला तपस्वी शिकवत होता की माणसाने मनावर घेतलं तर तो स्वतःच्या बळावर नीतिमान जगू शकतो. बिशप ऑगस्टीनने (३५४ ते ४३०) त्याला कडाडून विरोध केला, आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. कृपा आधी येते, हे तेव्हापासून पश्चिमेकडच्या मंडळीत ठरलेलं आहे.

पण लूथरची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती आपल्यातल्या अनेकांची आहे. १५०५ च्या जुलैमध्ये वादळात वीज जवळ कोसळली, आणि घाबरलेल्या या तरुणाने संन्यासी होण्याचा नवस बोलला. एरफुर्टच्या मठात तो उपास, जागरण, थंडी सगळं सोसत राहिला. पापांगीकाराला, म्हणजे आपली पापं धर्मगुरूपुढे सांगायला, बसला की तासन् तास उठत नसे. उठून गेला की आणखी एक पाप आठवे. त्याचे वडीलधारे श्टाउपित्स पार थकून जात. विटेनबर्गला पौलाची पत्रं शिकवताना रोमकरांस १:१७ मधला 'देवाचं नीतिमत्त्व' हा शब्दच त्याला नकोसा झाला. त्याने त्याचा अर्थ घेतला होता: ज्या नीतिमत्त्वाने देव पाप्याला शिक्षा करतो ते. मरणाच्या आदल्या वर्षी, १५४५ मध्ये, त्याने लिहून ठेवलं की आपण त्या देवाचा मनातून द्वेष करत होतो.

रात्रंदिवस तो त्या वचनाशी झगडला. त्यातलं हबक्कूक संदेष्ट्याचं वाक्य, नीतिमान विश्वासाने जगेल, त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. मग उमगलं की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. स्वर्गाची दारं उघडल्यासारखं वाटलं, असं तो म्हणतो. १७३८ च्या २४ मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत लूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कोणीतरी वाचत होतं. ती ऐकताना इंग्लंडमधल्या जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाचं मन विलक्षण तापलं. मेथडिस्ट चळवळीची ऊब त्या संध्याकाळची आहे.

कॅथलिक लोक हे मानत नाहीत, खरं का?

आमच्या वर्गात वसईच्या माहेरवाशिणीही आहेत, त्यामुळे हे जपून आणि नीट सांगतो. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनेही म्हटलं की नीतिमान ठरण्याच्या आधी केलेल्या कशानेही, विश्वासानेही आणि कर्मांनीही, ती कृपा कमावता येत नाही. मतभेद पुढचा होता. देव माणसाला नीतिमान ठरवतो की आतून नीतिमान करतो? लॅटिन भाषेत त्या क्रियापदाचा अर्थच 'नीतिमान करणं' असा ऐकू येतो, आणि पश्चिमेने हजार वर्षं लॅटिनच वाचलं. प्रॉटेस्टंटांनी 'ठरवणं' पकडलं, कॅथलिकांनी 'करणं'. कर्मांनी हे नीतिमत्त्व वाढतं का, यावरही तंटा झाला.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि जागतिक लुथरन महासंघाने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून कबूल केलं. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये त्यात आल्या. सगळे भेद मिटलेले नाहीत. पण 'ते कर्मावर, आम्ही कृपेवर' असं सांगणाऱ्याने ही घोषणा आधी वाचावी.

बाप्तिस्मा झाला, मंडळीत नाव आहे. तेवढं पुरत नाही का?

याचं उत्तर माझ्यापेक्षा पंडिता रमाबाईंनी चांगलं दिलं आहे. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, कुटुंबासह देशभर तीर्थयात्रा केल्या. उपास, स्नानं, दानधर्म यांत होतं नव्हतं ते गेलं. दुष्काळात आई, वडील आणि बहीण दगावली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ त्यानंतरही हजारो मैल पायी चालले. पुण्य कमावण्यासाठी इतकं चाललेली माणसं मला दुसरी माहीत नाहीत, आणि त्या कष्टांचा रमाबाईंनी कधी उपहास केला नाही. त्यांच्या आईवडिलांच्या ओढीपुढे मान झुकते.

१८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे साक्ष देताना त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तोवर त्या नव्या धर्मातही चांगलं होण्याची धडपडच करत होत्या. १८९१ च्या सुमारास ते ओझं उतरलं. त्यानंतरच्या रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनच्या आहेत. दुष्काळातल्या मुली त्यांनी तिथे आणल्या, आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मूळ इब्री आणि ग्रीकवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करत राहिल्या. फुकट मिळालं म्हणून हातावर हात ठेवून बसलेली बाई ही नव्हे.

फुकट मिळालं तर माणूस हवं तसं वागेल ना?

पौलाने खरी कृपा शिकवली याची खूण हीच की त्यालाही हा प्रश्न आला. रोमकरांस ६:१ मध्ये तो स्वतःच विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? आणि म्हणतो, कधीच नाही. जे पापाला मेले ते त्यात कसे जगतील?

लूक १९ मधला यरीहोचा श्रीमंत जकातदार जक्कय बघा. येशू त्याला झाडावरून उतरायला सांगतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. त्या क्षणापर्यंत जक्कयाने एक पैही परत केलेली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट, हे त्यानंतर आलं. अट म्हणून सांगितलं असतं तर त्याने घासाघीस केली असती.

तरीही या शिकवणीचा गैरवापर होतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बायकोला मारून दुसऱ्या दिवशी "देवाने मला क्षमा केली" म्हणत उपासनेत पुढच्या बाकावर बसलेला माणूस आमच्यात होता. तिची क्षमा त्याने मागितली नव्हती. त्याला मी सांगितलं की देवाची क्षमा झालेला माणूस आधी घरी जातो. तो रागावून गेला. मला त्या बोलण्याचा पस्तावा नाही.

पण याकोब तर म्हणतो, कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, २:२४ मध्ये, तसं आहे खरं. या पत्राला लूथर १५२२ मध्ये 'पेंढ्याचं पत्र' म्हणाला. त्याच्याबद्दल मला कितीही आदर असला तरी इथे तो घाईने बोलला. याकोबही अब्राहामाचंच उदाहरण घेतो, पण प्रसंग मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवण्याचा, उत्पत्ती २२ मधला. पौलाचा प्रसंग अध्याय १५ चा. पौल विचारतो, जमा कशी झाली? याकोब विचारतो, जमा झाली हे कशावरून? नुसतं 'देव एक आहे' म्हणणाऱ्या विश्वासावर याकोबाचा राग आहे. भुतंही तसा विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात, असं तो म्हणतो. असल्या विश्वासाला पौलानेही विश्वास म्हटलं नसतं.

हे आपल्या संतांनी सांगितलं तेच नाही का?

जवळचं आहे, हे मोकळेपणाने म्हणतो. 'देव भावाचा भुकेला' हे ज्या भाषेत म्हण होऊन बसलं, पांडुरंगाला 'पतितपावन' म्हणून हाक मारली गेली, त्या भाषेत कृपा हा शब्द परका नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. आलेला पूल त्यांनी कधी मोडला नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्येही हाच वाद रंगला. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू आईच्या तोंडात लोंबकळतं, मग जीव कोणासारखा? ख्रिस्ती श्रद्धा मांजरीच्या बाजूने झुकते. फरक असा की तिचा पाया एका घडलेल्या घटनेवर आहे: पंतय पिलाताच्या अमदानीत, यरुशलेमेच्या वेशीबाहेर, एका माणसाला खिळलं गेलं. त्या दिवसाशिवाय ही शिकवण उभीच राहत नाही.

विश्वास ठेवणं हेसुद्धा एक कर्मच झालं. माझा विश्वास कमी पडला तर?

विश्वास म्हणजे पुढे केलेला रिकामा हात. भीक घेणाऱ्याचा हात बळकट असावा लागत नाही. मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा! येशूने त्याला विश्वास पुरेसा करून मग ये, असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

इतकी वर्षं झाली, तरी तीच पापं होतात. मग मी नीतिमान कसा?

लूथरचं म्हणणं असं की विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. निकाल लागला आहे, पण स्वभावाचं काम रोज चालू आहे. त्याला आपण पवित्रीकरण म्हणतो. निकालाची वाट पाहत झगडणं वेगळं आणि निकाल लागल्यावर झगडणं वेगळं.

मरणाच्या दारात असलेल्याला काहीच करता येत नसेल तर?

माझी आई. तिच्या कपाटात कालनिर्णयची जुनी कॅलेंडरं रचून ठेवलेली असत. सकाळची प्रार्थना चुकली त्या दिवसाच्या चौकटीत ती पेन्सिलीने बारीक फुली मारायची. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली तेव्हा तिने मला ती सगळी काढायला लावली आणि म्हणाली, "तू हिशेबातला आहेस. मोज बरं, किती राहिल्या." मी मोजायला बसलो, आणि दोन वर्षांपुढे मोजवेना.

मग मी तिला लूकचा तेविसावा अध्याय वाचून दाखवला. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराचे हातही खिळलेले होते आणि पायही. त्याला कुणाचं काही परत करता येणार नव्हतं, बाप्तिस्मा घ्यायला खाली उतरता येणार नव्हतं. तो एवढंच म्हणाला की तुम्ही आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण करा. त्याला उत्तर मिळालं: आज.

आईने तो शब्द मला पुन्हा वाचायला सांगितला. कॅलेंडरं तिने टाकू दिली नाहीत, पण मोजायलाही परत सांगितलं नाही. पुढचे अकरा दिवस ती होती. त्या महिन्याच्या पानावर एकही फुली नाही.